हैबतीच्या बारा ओंजळी

गोदावरीच्या काठी, जिला तिकडे सगळे गंगाच म्हणतात, एका गावात एक भोळा साळी राहायचा. नाव हैबती. नाव ऐकून वाघ आठवावा, आणि माणूस बघावा तर गोगलगाय. मागावर बसला की हात असा चालायचा की बघत राहावं. पण मागावरून उठला की पंचाईत. सांगितलेलं सगळं तो करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच करायचा आणि जसं सांगितलं तसंच करायचा. एकदा एका गृहस्थाने लेकीच्या लग्नासाठी लुगडं सांगितलं आणि वर म्हणाला, घाई नाही, सवडीने विण. हैबती सवड मिळायची वाट बघत बसला. लग्न झालं, लेकीला दोन पोरं झाली, तरी हैबतीला सवड मिळाली नव्हती.

तर असा हा हैबती. घरात तो आणि त्याची आई भागाबाई. बाप रंगनाथ आदल्या वैशाखात वारला होता. उन्हाच्या तडाख्यात माणूस अंथरुणाला खिळला, आणि शेवटच्या दिवशी त्याने पाणी मागितलं. भागाबाई तांब्या भरायला आत गेली आणि बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं. ती रुखरुख तिच्या मनातून गेली नाही. माणूस साठ वर्षं जगला आणि घोटभर पाण्यावाचून गेला, असं ती कुणालाही धरून सांगायची.

भाद्रपद आला. सर्वपित्री अमावास्येला पहाटे भागाबाईला स्वप्न पडलं. रंगनाथ मागाजवळ उभा होता आणि ओठांवरून जीभ फिरवत होता. बोलला काही नाही. भागाबाई उठली ती ठरवूनच उठली. आज त्यांना नदीवर पाणी मिळायलाच हवं, आणि त्यांना मिळेपर्यंत माझ्याही घशाखाली थेंब उतरणार नाही, असं तिने शेजारच्या सगुणाबाईला सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, अहो, हैबतीला पाठवणार आहात ना? मग आधी एक तांब्या पिऊन घ्या. पण भागाबाई ऐकेल तर ना.

भागाबाईने हैबतीला हाक मारली. पुडीत काळे तीळ बांधून दिले, हातात तांब्या दिला आणि सांगितलं, घाटावर दामोदरभट असतील, ते सांगतील तसं कर.

"आणि एक ध्यानात ठेव. पितर दक्षिणेला असतात. तोंड दक्षिणेकडे पाहिजे. तोंड फिरवलंस तर ते पाणी घेणार नाहीत. समजलं?"

"समजलं," हैबती म्हणाला.

आता गाव नदीच्या दक्षिणेला. म्हणजे घरातून निघालं की नदी उत्तरेला. हैबतीने उंबऱ्यावर उभं राहून सूर्य कुठे आहे ते बघितलं, दक्षिण कुठे आहे ते ठरवलं, तिकडे तोंड केलं आणि उलटा चालू लागला.

अर्धा कोस तो उलटा चालला. गल्लीतली माणसं बाजूला झाली. बाजूला झाला नाही तो एक बैल, कारण तो रस्त्यात बसलेला होता. हैबती पाठमोराच त्याच्यावर आदळला. तोंड न फिरवता त्याने मागे हात जोडले, चूक झाली काका, असं म्हणाला आणि बैलाला वळसा घालून पुढे, म्हणजे मागे, निघाला.

घाटाला तेवीस पायऱ्या. त्याही तो उलटा उतरला. घाटावर सर्वपित्रीची ही गर्दी. लोक ओरडले, अरे थांब, अरे बघ. हैबतीने बघितलं, दक्षिणेकडे. चोविसावी पायरी नव्हती. तिथे गंगा होती.

दामोदरभटांनी त्याला धोतराला धरून वर काढलं. तांब्या हातात राहिला, तीळ वाहून गेले. दामोदरभट स्वभावाने शांत माणूस. पंधरवडाभर सकाळपासून दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि गावोगावच्या लोकांचे पणजोबा तृप्त करायचे, ते काही तापट माणसाचं काम नव्हे. त्यांनी हैबतीला पायरीवर बसवलं, श्वास घेऊ दिला आणि मग नीट समजावलं. चालताना तोंड जिकडे जायचं तिकडे ठेवायचं. दक्षिणेचं काम फक्त पाणी देताना.

"पाणी द्यायची रीत ऐक. तोंड दक्षिणेला करायचं. ओंजळीत पाणी घ्यायचं, त्यात तीळ टाकायचे. ज्याला द्यायचं त्याचं नाव घ्यायचं आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी खाली सोडायचं. असं तीनदा. समजलं?"

"समजलं," हैबती म्हणाला.

दामोदरभटांनी त्याला दुसरे तीळ आणायला घरी पिटाळलं. हैबती सरळ चालत घरी आला. भागाबाई उंबऱ्यात बसली होती.

"मिळालं का रे त्यांना?"

"नाही. मीच पडलो पाण्यात."

भागाबाईने कपाळाला हात लावला, कोरडं धोतर दिलं आणि पुन्हा तीळ बांधून दिले. सगुणाबाई तांब्या घेऊन आली होती. भागाबाईने मान हलवली.

हैबती पुन्हा निघाला. वाटेत विहीर आहे आणि तिच्या उत्तरेला निंबाचा पार आहे. पारावर खंडेराव पाटील बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. शेताकडून पायी आलेले, ऊन लागलेलं. त्यांनी हैबतीला बघितलं आणि ओंजळ पुढे केली. म्हणाले, बाळा, जरा पाणी दे रे, घसा कोरडा पडलाय.

हैबती भला माणूस. तहानलेल्याला नाही म्हणणारा नव्हे. त्याने विहिरीतून तांब्या भरून काढला. मग त्याला आठवलं की पाणी द्यायची एक रीत असते, आणि ती त्याला नुकतीच शिकवली आहे. त्याने पाटलांकडे पाठ केली, दक्षिणेकडे तोंड केलं, ओंजळ भरली, त्यात तीळ टाकले आणि मोठ्याने म्हणाला, "खंडेराव पाटील." आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी जमिनीवर सोडलं. असं तीनदा केलं. शेवटी वळून हात जोडले.

पाटलांची ओंजळ तशीच पुढे होती. त्यांनी ती हळूहळू मागे घेतली आणि दोन्ही हातांनी आपली छाती चाचपून बघितली. आत धडधडत होतं. खात्री पटल्यावर त्यांनी काठी उचलली. काठी हैबतीला लागली नाही, पण पाटलांचे शब्द लागले. गावात असं कुणाचं तर्पण त्याच्या डोळ्यांदेखत झालं नव्हतं.

"जिवंत माणसाचं नाव पाण्यापुढे घ्यायचं नाही. मेलो तरी घ्यायचं नाही. समजलं?"

"समजलं," हैबती म्हणाला. आणि पाटलांना पाणी न पाजताच पुढे गेला, कारण नाव न घेता पाणी कसं द्यायचं ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

घाटावर दामोदरभटांनी त्याला रांगेत पुढे घेतलं. मागचे कुरकुरले, पण दामोदरभट म्हणाले, याला एकदाचा मोकळा करू द्या, म्हणजे आपण सगळेच सुटू. हैबतीला पाण्यात उभं केलं, तोंड दक्षिणेला केलं, बोटात दर्भाची अंगठी घातली. आता कोण पाणी देतो आहे ते आधी सांगायचं असतं. दामोदरभटांनी विचारलं, तुझं नाव सांग.

हैबती गप्प.

दामोदरभटांना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं. हैबतीने ओठ घट्ट मिटले. बापाचं नाव विचारलं तर लगेच सांगितलं, रंगनाथ. आजोबाचं विचारलं तर तेही सांगितलं. स्वतःचं विचारलं की पुन्हा ओठ घट्ट. दामोदरभट म्हणाले, अरे, आपलं नाव विसरलास की काय? मागच्या रांगेतल्या कुणाला तरी दया आली आणि तो म्हणाला, गुरुजी, त्याचं नाव है... पुढचं त्याला म्हणता आलं नाही. हैबतीने पाण्यातून धाव घेऊन ओला हात त्याच्या तोंडावर दाबला होता.

"नाव नका घेऊ. मी जिवंत आहे," हैबती म्हणाला.

 देणारा कोण ते सांगितलं नाही तर घेणाऱ्याने पाणी घ्यायचं कुणाचं, हे दामोदरभटांनी दोन वेळा समजावलं. हैबतीचं एकच. पाटलांनी बजावलंय. शेवटी दामोदरभट म्हणाले, असं कर, घरी जा, आईला विचारून ये की आपलं नाव सांगायचं की नाही. ती सांगेल ते ऐकशील ना? हैबती म्हणाला, ऐकेन.

घरी आला तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. भागाबाई उंबऱ्याला टेकून बसली होती. ओठ वाळले होते. तिने बसल्या जागेवरूनच विचारलं, "मिळालं का रे त्यांना?"

"नाही. माझं नाव विचारलं."

"मग?"

"मी सांगितलं नाही."

भागाबाईने डोळे मिटून घेतले. आतून सगुणाबाई बाहेर आली आणि तिने मात्र हैबतीला फैलावर घेतलं. म्हणाली, अरे बाबा, तुझ्या आईची जीभ टाळूला चिकटलीय. सकाळपासून थेंब नाही पोटात. म्हातारं माणूस, उद्या तिला काही झालं म्हणजे मग बस दक्षिणेकडे तोंड करून.

हे ऐकून हैबतीचा जीव कळवळला. तो भोळा होता, पण आईवर त्याचा फार जीव होता. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, आई, पाणी पी ना गं. भागाबाई म्हणाली, तुझ्या आबांनी पाणी मागितलं होतं रे माझ्याकडे, आणि मला उशीर झाला. आधी त्यांना, मग मला. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तेवढंच काय ते पाणी त्या घरात आज कुणाच्या ओठांपर्यंत आलं होतं.

मग तिने डोळे पुसले आणि शेवटचं सांगितलं. नेटाने सांगितलं.

"आपलं नाव सांगायचं. आबांचं सांगायचं. बाकी कुणा जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही. आणि गुरुजी जे सांगतील ते खरं मानायचं. मनात शंका ठेवली की पाणी पोचत नाही. समजलं?"

"समजलं," हैबती म्हणाला. या वेळी तो धावतच गेला. तोंड पुढे ठेवून धावला. विहिरीजवळ पाटील नव्हते, ते घरी जाऊन झोपले होते आणि मुलांना सांगून ठेवलं होतं की मधूनमधून हलवून बघा.

घाटावरची गर्दी ओसरली होती. दामोदरभटांना भूक लागली होती, पण ते थांबले होते. अशी माणसं अजून आहेत म्हणून जग चाललंय, नाहीतर हैबतीसारख्यांनी ते कधीच बुडवलं असतं. त्यांनी त्याला पाण्यात उभं केलं आणि नाव विचारलं. हैबतीने सांगितलं. बापाचं विचारलं, सांगितलं. तोंड दक्षिणेला होतं. ओंजळीत पाणी होतं, पाण्यात तीळ होते. पाणी अंगठ्याकडूनच सुटलं. एकदा, दोनदा, तीनदा. कुठेही चूक झाली नाही. घाटावर शेवटच्या गिऱ्हाइकाची दाढी करत बसलेला गणू न्हावी हे बघत होता, आणि त्यालाही बरं वाटलं.

दामोदरभटांनी समाधानाने हात धुतले. म्हणाले, झालं हो हैबती. तुझा बाप तृप्त झाला.

"आता पुन्हा कधी द्यायचं?" हैबतीने विचारलं.

"पुढच्या सर्वपित्रीला. या तीन ओंजळींवर त्याला वर्षभर तहान नाही."

"पण आबा तर फार लांब गेले. पोचेल का तिथवर?"

"इथे सोडलं की तिथे पोचतं. कितीही लांब असो."

"आणि माणूस अर्ध्या कोसावर असलं तर?"

दामोदरभट आपली पोथी बांधत होते. गाठ बसत नव्हती आणि पोटात कावळे ओरडत होते. जवळचं तर आधी पोचेल, असं ते बोलून गेले आणि जेवायला निघून गेले.

हैबती पाण्यातच उभा राहिला. त्याने विचार केला. त्याला विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. आबा ढगांच्या पलीकडे, त्यांना पाणी पोचलं. आई अर्ध्या कोसावर, तीही दक्षिणेलाच. सकाळपासून तहानलेली. पुडीत मूठभर तीळ उरलेले. आणि समोर एवढी मोठी गंगा. घरापर्यंत धावत जायचं, मग तिने उठायचं, मग तांब्या भरायचा, एवढा उशीर कशाला? उशीर झाला म्हणून तर आबा पाण्यावाचून गेले.

त्याने ओंजळ भरली. तीळ टाकले. जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं, त्यामुळे तो भागाबाई म्हणाला नाही. नुसतं "आई" म्हणाला आणि अंगठ्याकडून पाणी सोडलं. तीनदा झालं. पण आबांना तीन दिल्या आणि आईलाही तीनच, हे त्याला बरं वाटेना. ती सकाळपासून बसली होती बिचारी. म्हणून आणखी तीन दिल्या. मग आणखी तीन. तीळ संपेपर्यंत बारा झाल्या. मनात शंका अजिबात ठेवली नाही.

गणू न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर थांबला. भागाबाई सकाळपासून तहानलेली आहे एवढं सगुणाबाईच्या तोंडून गावभर झालं होतं. आता लेक आईच्या नावाने तीळ-पाणी सोडत होता. गणूने वस्तरा मिटला, धोकटी उचलली आणि गावाकडे पळत सुटला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी त्याच्यामागे पळालं.

हैबती नदीकाठच्या मळ्यांतून, जवळच्या वाटेने, परसदारी आला. गणू मोठ्या रस्त्याने, गल्लीगल्लीत सांगत, पुढच्या दारी आला. दाराशी पोचेपर्यंत त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्याची बायको पारूबाई सगळ्यांच्या पुढे. तिने वेशीपासूनच गळा काढला होता.

रडणं ऐकून भागाबाई भिंतीला धरून उठली आणि दारात आली. गावात कुणी वारलं म्हणजे आपणही जायला हवं, म्हणून तिने पदर सारखा केला.

"कोण गेलं गं?" तिने विचारलं.

पारूबाईचं रडणं मध्येच थांबलं.

"तुम्ही, मावशी."

"मी तर इथे आहे."

"ते दिसतंय," पारूबाई म्हणाली. "पण हैबतीने घाटावर पाणी सोडलं."

गणूने पुढे होऊन सगळं सांगितलं. आधी रंगनाथकाकांना दिलं, अगदी रीतसर दिलं, मी डोळ्यांनी बघितलं, दामोदरभट स्वतः म्हणाले की बाप तृप्त झाला. आणि मग तुमचं सुरू केलं. पण दुसरा भाग भागाबाईने ऐकलाच नाही. ती दारातच खाली बसली. पदराने तोंड झाकून रडली आणि रडता रडता हसली. मिळालं बाई त्यांना, मिळालं एकदाचं, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. आपण मेलो की नाही हा विषय तिने बाजूला ठेवला. आलेल्या लोकांनाही काय करावं कळेना. काहींनी तिच्या पायाला हात लावला, काहींनी डोळे पुसले. बांबू आणायला गेलेल्या दोघांना परत बोलवायला माणूस धाडला.

मग भागाबाईला तहान आठवली. सकाळपासूनची सगळी एकदम आठवली. सगुणाबाईने तिला हात दिला आणि दोघी आत गेल्या.

रांजण रिकामा होता. हंडा रिकामा होता. कळशीत थेंब नव्हता. परसात हैबती हात पुसत उभा होता आणि अळूच्या वाफ्यात घोटाभर पाणी साचलं होतं.

"अरे, घरातलं पाणी कुठाय?"

"अळवाला घातलं."

"सगळं?"

"सगळं. साठवून कशाला ठेवायचं? शिळं होतं."

 सगुणाबाई शहाणी. ती वाद घालत बसली नाही. धावत आपल्या घरी गेली आणि तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. भागाबाईने तो दोन्ही हातांनी धरला आणि ओठांना लावणार, इतक्यात हैबतीने पुढे होऊन तो हळूच, मायेने, तिच्या हातातून काढून घेतला आणि अळवात ओतला.

"आई, असा हावरेपणा बरा नाही," तो म्हणाला. "आबांना तीन ओंजळी वर्षभर पुरतात. तुला मी बारा दिल्यात. आता चार वर्षं तुला तहान नाही."